‘झेनोगिअर्स’ : आवाका मोठा, वेळ अपुरा

नाटक ऐन रंगात आले असताना रंगमंचावरील नेपथ्य काढून घेतले जावे आणि नायकाने एका खुर्चीवर बसून उरलेले अंक तोंडीच सांगावेत, असा प्रकार घडला तर प्रेक्षक काय म्हणतील? ‘झेनोगिअर्स’ या जपानी व्हिडिओ गेममध्ये नेमके हेच घडते. आश्चर्याची बाब अशी की, हा दोष सर्वांना मान्य असूनही या खेळाची गणना त्या काळातील महत्त्वाच्या रोल-प्लेइंग खेळांमध्ये केली जाते. त्यामुळे त्याच्या जमेच्या बाजू आणि उणिवा एकत्रच तपासाव्या लागतात.

स्क्वेअर या जपानी कंपनीने फेब्रुवारी १९९८ मध्ये हा खेळ सोनीच्या प्लेस्टेशनसाठी बाजारात आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो अमेरिकेत पोहोचला. दिग्दर्शक तेत्सुया ताकाहाशी आणि त्यांच्या पत्नी, लेखिका सोराया सागा यांनी मूळ कल्पना ‘फायनल फँटसी ७’साठी मांडली होती. त्या मालिकेच्या मानाने ती फारच गडद आणि गुंतागुंतीची ठरली; मात्र तिच्यावर स्वतंत्र खेळ करण्याची मुभा त्यांना मिळाली.

कथेचा पल्ला

लाहान या आडबाजूच्या गावात राहणारा फेई हा तरुण चित्रकार. त्याला स्वतःचा भूतकाळ आठवत नाही. एका रात्री लढाऊ यंत्रमानवांची, म्हणजेच ‘गिअर्स’ची चकमक गावावर येऊन कोसळते. गाव वाचविण्यासाठी फेई एका रिकाम्या गिअरमध्ये शिरतो आणि त्याच्याच हातून गाव उद्ध्वस्त होते. वाचलेल्या मुलांपैकी डॅन हा पोर त्याला तोंडावर दोष देतो. नायकाच्या पराक्रमाऐवजी त्याच्या अपराधाने सुरू होणारी ही कथा पुढे दोन राष्ट्रांचे युद्ध, त्यामागील धर्मसंस्था आणि आकाशातून सर्वांवर सत्ता चालविणारे राष्ट्र अशी एकेक पदर उलगडत जाते.

फेई आणि एली यांचे नाते दहा हजार वर्षांतील अनेक जन्मांतून वाहत आलेले आहे. फ्रॉइड व युंग यांचे मानसशास्त्र, नीत्शेचा विचार आणि ज्ञेयवादी ख्रिस्ती पंथांतील कल्पना यांचा कथेत सढळ वापर आहे. काही ठिकाणी हा भार कथेला पेलत नाही आणि लांबलचक संवाद व्याख्यानाच्या वळणावर जातात. तथापि, फेईच्या दुभंगलेल्या मनाचा उलगडा ज्या संयमाने केला आहे, तो आजही प्रभावी वाटतो.

लढाईची रीत

लढाईची मांडणी ही दुसरी जमेची बाजू. त्रिकोण, चौकोन आणि फुली या तीन बटणांना अनुक्रमे हलका, मध्यम आणि जोरदार फटका नेमून दिलेला आहे. प्रत्येक फटक्याला ठरावीक गुण खर्ची पडतात आणि त्यांची योग्य जुळणी केल्यास विशेष डाव साधता येतो. गिअरमध्ये बसल्यावर हिशेब बदलतो. तेथे प्रत्येक हालचालीला इंधन लागते. गिअरची ताकद अनुभवापेक्षा त्याच्या इंजिनावर आणि चिलखतावर अवलंबून असते. यासुनोरी मित्सुदा यांचे सेल्टिक वळणाचे संगीत या साऱ्याला एक वेगळीच आर्तता देते.

हाताळणीतील दोष

प्रत्यक्ष खेळताना मात्र संयमाची कसोटी लागते. पडद्यावरील संवाद संथ गतीने उमटतात आणि त्यांचा वेग वाढविण्याची सोय नाही. परिसर त्रिमितीय, तर पात्रे सपाट चित्रांची, अशी रचना असल्याने कॅमेरा सतत फिरवावा लागतो. बाबेल मनोऱ्यावरील चढाई तर कुप्रसिद्ध आहे. तेथे एका कठड्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची असते, मधेच लढाई उद्भवते आणि नेम चुकला की खालून पुन्हा सुरुवात करावी लागते.

दुसरी डिस्क

सर्वात मोठी उणीव दुसऱ्या डिस्कमध्ये आहे. पहिल्या डिस्कमध्ये शहरे, वाळवंट, समुद्र असा मोकळा संचार केल्यानंतर येथे फेई किंवा एली खुर्चीवर बसून घडलेल्या घटना कथन करतात. मागे एक पदक हेलकावे खात असते. अधूनमधून एखादी मोठी लढाई किंवा भुयार येते आणि पुन्हा निवेदन सुरू होते. जे प्रसंग खेळाडूने स्वतः अनुभवायचे, ते त्याला वाचून समजून घ्यावे लागतात.

पैसा दुसऱ्या खेळाकडे वळविल्यामुळे असे झाले, अशी चर्चा अनेक वर्षे होती. ताकाहाशी यांनी २०१७ मधील मुलाखतीत वेगळे कारण दिले. चमूतील अनेकजण नवखे होते, त्रिमितीय तंत्र नवे होते आणि ठरलेल्या दोन वर्षांत काम पूर्ण होणे शक्य नव्हते. पहिल्या डिस्कच्या शेवटीच खेळ संपवावा, अशी सूचना पुढे आली होती. खेळाडूंचे त्याने समाधान होणार नाही, हे ओळखून त्यांनी उपलब्ध माणसांत आणि वेळेत बसेल असा निवेदनाचा मार्ग सुचविला.

या खुलाशानंतर दोष नाहीसा होत नाही, पण त्याचा अर्थ बदलतो. कथा अर्धवट सोडणे किंवा कमी साधनांत ती शेवटास नेणे, हे दोनच पर्याय उरले होते. फेईच्या कहाणीला शेवट मिळाला, तो दुसरा पर्याय निवडल्यामुळे. मात्र त्याची किंमत खेळपणाने मोजली. खेळाच्या अखेरीस पडद्यावर ‘पाचवा भाग’ अशी अक्षरे उमटतात. दिग्दर्शकाच्या मनातील कथा किती विस्तीर्ण होती, याची कल्पना त्यावरून येते. तिचे इतर भाग या नावाने कधीच आले नाहीत.

ताकाहाशी यांनी पुढे स्क्वेअर सोडून १९९९ मध्ये मोनोलिथ सॉफ्ट ही कंपनी उभारली. २००२ पासूनची ‘झेनोसागा’ आणि २०१० पासूनची ‘झेनोब्लेड’ या मालिकांमध्ये त्याच विषयांचे धागे दिसतात. नव्याने ‘झेनोगिअर्स’कडे वळणाऱ्याने पन्नास-साठ तासांची तयारी ठेवावी आणि उत्तरार्धात हातातील कन्ट्रोलर बराच काळ स्वस्थ राहील, हे आधीच गृहीत धरावे. ज्याला केवळ खेळायचे आहे, त्याची निराशा होईल. ज्याला फेईचे पुढे काय झाले हे जाणून घ्यायचे आहे, तो खुर्चीवरील त्या निवेदनालाही अखेरपर्यंत साथ देईल.