पुढचा ठोका मेंदूला आधीच कळतो

कुरकुंभच्या फिरंगाई मंदिरात आरतीला टाळ्या वाजवणारी मुलं बघा. टाळी ठोक्यानंतर नाही, ठोक्याबरोबरच पडते. कारण पुढचा ठोका कधी येणार, याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो. तीनतालात १६ मात्रा संपून सम आली की मान डोलते, तीही यामुळेच. अनपेक्षित सूर आला, तर सेकंदाच्या साधारण पाचव्या भागात मेंदूच्या विद्युत लहरींत फरक दिसतो. २०११ साली कॅनडातील संशोधकांना आढळलं, की गाण्यातली आवडती जागा येण्याआधी, नुसती वाट पाहतानाही मेंदूत डोपामाइन स्रवतं.

हा अंदाज ऐकून ऐकूनच पक्का होतो. म्हणून ठेका चुकणाऱ्या मुलाला 'तुला ताल नाही' म्हणून बाजूला बसवू नका. त्याला अजून ऐकू द्या.