अनेक ओळी देणारी फंक्शने : दोष कसे शोधावेत?

गोव्यातील एक-चौदाच्या उताऱ्यावर एकाच जमिनीपुढे पुष्कळदा अनेक कब्जेदारांची नावे असतात. वडिलोपार्जित जमिनीत भावाबहिणींचा सामायिक हक्क असला की हे स्वाभाविकच होय. अशा नोंदी संगणकातील तक्त्यात ठेवताना सामान्यतः प्रत्येक नावाची स्वतंत्र ओळ केली जाते. सर्वे क्रमांक दिला असता त्याच्या सर्व ओळी शोधून देण्याचे काम ज्या लहानशा आज्ञावलीकडे सोपविता येते, तिला ‘फंक्शन’ म्हणतात. समजा, पाच कब्जेदार असताना फंक्शनने एकच नाव दिले, तर उरलेल्या चौघांना आपला हक्क गेला असेच वाटेल. वस्तुतः मूळ तक्त्यातील नोंद शाबूत असते; दोष असतो तो ती वाचून दाखविण्यात. हा दोष कोठे उद्भवतो, हे सर्वांनीच समजून घेणे इष्ट आहे.

उदाहरणादाखल ‘पोस्टग्रेस’ ही डेटाबेस-प्रणाली घेऊ. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ साली तिच्या मूळ प्रकल्पाचे काम सुरू झाले. आज ती विनामूल्य उपलब्ध आहे.

पहिला दोष घोषणेतील. फंक्शन काय परत करणार, हे आरंभीच सांगावे लागते. तेथे ‘सेटऑफ’ किंवा ‘टेबल’ हा शब्द नसेल, तर एसक्यूएल भाषेतील फंक्शन केवळ पहिली ओळ देते व बाकीच्या सोडून देते. क्रम ठरवून दिलेला नसल्यास पहिली ओळ कोणती येईल, याचाही भरवसा नसतो. त्रुटीचा संदेश मात्र येत नाही. म्हणूनच हा दोष सर्वांत घातक होय.

दुसरा दोष ‘सिलेक्ट इंटू’ या आज्ञेत दडलेला असतो. ती एकच ओळ उचलते व इतर ओळींबद्दल मौन पाळते. जेथे नेमकी एकच ओळ अपेक्षित आहे, तेथे ‘स्ट्रिक्ट’ हा शब्द जोडावा. मग एकाहून अधिक ओळी निघाल्या किंवा एकही निघाली नाही, तर काम तेथेच थांबून संदेश मिळतो. अनेक ओळी हव्या असल्यास ‘रिटर्न क्वेरी’ वापरावे, अथवा आवर्तनात प्रत्येक ओळीसाठी ‘रिटर्न नेक्स्ट’ लिहावे. हे लिहावयाचे राहिल्यास आवर्तन पूर्ण होऊनही हाती काहीच येत नाही.

तिसरा दोष रकान्यांचा. घोषणेतील रकान्यांची संख्या, क्रम व प्रकार प्रत्यक्ष उत्तराशी जुळले पाहिजेत. तसेच घोषणेत व तक्त्यात रकान्याचे नाव एकच असेल, तर ते संदिग्ध असल्याचा संदेश येतो. अशा वेळी रकान्याच्या नावापूर्वी तक्त्याचे नाव लिहावे. यांतील बहुतेक दोष संदेशाद्वारे स्वतःच प्रकट होतात, त्यामुळे ते सापडणे सोपे असते.

चौथा दोष फंक्शनला हाक मारण्याच्या रीतीत असतो. ‘सिलेक्ट’पुढे नुसते फंक्शन लिहिल्यास सर्व रकाने एकाच कंसात कोंबलेले दिसतात. ‘फ्रॉम’नंतर लिहिल्यास ते तक्त्याप्रमाणे सुटे मिळतात.

कधी ओळी कमी न येता अधिक येतात. पाच कब्जेदार व दोन कुळे यांचे तक्ते केवळ सर्वे क्रमांकावर जोडले, तर प्रत्येक कब्जेदारापुढे प्रत्येक कूळ येऊन दहा ओळी होतात. अशा वेळी दोन्ही याद्या स्वतंत्रपणे मागवाव्यात.

फंक्शन वापरात आणण्यापूर्वी ते तीन प्रकारच्या सर्वे क्रमांकांवर पडताळावे : ज्यास एकही नोंद नाही, ज्यास एकच आहे आणि ज्यास अनेक आहेत. प्रत्येक वेळी फंक्शनने दिलेल्या ओळी व मूळ तक्त्यातील ओळी मोजून ताडून पाहाव्यात. एकच कब्जेदार असलेल्या जमिनीवर पडताळणी करून थांबल्यास पहिले दोन्ही दोष नजरेआड राहतात.

गावकऱ्यांनीही नवा उतारा मिळताच त्यावरील नावे मोजून जुन्या उताऱ्याशी ताडून पाहावीत. मध्यंतरी फेरफार झालेला नसताना एखादे नाव गळलेले आढळल्यास दोन्ही प्रती जोडून मामलेदार कार्यालयास लेखी कळवावे.