राखीव प्रती, बहुस्थानीय
राखीव प्रती, बहुस्थानीय : संगणकात साठविलेल्या माहितीच्या राखीव प्रती म्हणजेच बॅकअप परस्परांपासून दूर असलेल्या अनेक ठिकाणी ठेवून, एक ठिकाण निकामी झाले तरी माहिती उपलब्ध राहील अशी केलेली व्यवस्था. आग, पूर, भूकंप, यंत्रदोष, मानवी चूक व हेतुपुरस्सर केलेला विध्वंस ही माहिती नष्ट होण्याची प्रमुख कारणे होत.

अशा व्यवस्थेची आखणी दोन कालमर्यादांवरून करतात : आपत्तीपूर्वीच्या किती काळातील नोंदी गमावणे परवडेल आणि काम किती वेळात पूर्ववत सुरू व्हावयास हवे. शेअरबाजारात या मर्यादा मिनिटांत मोजतात. अभिलेखागारास एखादा दिवसही चालू शकतो.

प्रती करण्याच्या दोन रीती आहेत. समकालिक रीतीत नोंद दोन्ही ठिकाणी लिहिली गेल्याची पोच आल्यावरच ती पूर्ण झाली असे मानतात. त्यामुळे एक केंद्र बंद पडले, तरी पूर्ण झालेली नोंद दुसऱ्या केंद्रात राहते. मात्र काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सु. २ लाख किमी. जातो, म्हणजे १०० किमी. दूर जाऊन परत येण्यास किमान १ मिलिसेकंद लागतो व अंतराबरोबर हा विलंब वाढत जातो. म्हणून ही रीत जवळच्या केंद्रांनाच सोयीची ठरते. परंतु जवळची केंद्रे एकाच पुरात वा भूकंपात सापडू शकतात. असमकालिक रीतीत दूरच्या केंद्राकडे नोंदी मागाहून जातात. तेथे शेवटच्या काही नोंदी गमावण्याचा धोका असतो. यास्तव दोन्ही रीतींची सांगड घालतात. भारतात सेबीने शेअरबाजारांसाठी मुख्य केंद्राखेरीज एक जवळचे व एक दूरचे, शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण पट्ट्यातील, केंद्र सांगितले आहे.

दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी नसल्यास काय होते, हे दक्षिण कोरियातील देजॉन येथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी शासकीय माहिती केंद्राला लागलेल्या आगीत दिसले. तेथील शासकीय कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील सु. ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. तथापि केवळ अनेक ठिकाणे असणे पुरेसे नसते. सतत जुळविल्या जाणाऱ्या प्रतींमध्ये चूक वा विध्वंसही तितक्याच वेगाने पसरतो. २०१७ मध्ये नॉटपेट्या या विध्वंसक आज्ञावलीने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या वापरकर्त्यांची ओळख पटविणारे जगभरातील संगणक पुसून टाकले. वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटलेला घानातील एक संगणक तेवढा वाचला व त्यावरून ती यंत्रणा पुन्हा उभारता आली. म्हणून किमान तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक अन्यत्र ठेवावी, असा संकेत आहे. शिवाय एक प्रत जाळ्याला न जोडलेली असावी.

दुसऱ्या केंद्राकडे काम वळविणे हीदेखील सरावाची बाब आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअरबाजाराचे व्यवहार पर्यायी केंद्र असूनही सु. ४ तास बंद राहिले. यामुळे राखीव प्रतीवरून माहिती प्रत्यक्ष परत मिळविण्याची व दुसऱ्या केंद्रावरून काम चालविण्याची चाचणी ठराविक काळाने घेणे आवश्यक ठरते.