पाहुणे येण्याआधीची शिकार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

न्यू जर्सीत मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहून आलेल्या आजी-आजोबांना विचारा. सकाळी तळ्याकाठी फिरायला जावं, तर काळ्या मानेचे, गालावर पांढरा पट्टा असलेले जाडजूड पक्षी वाट अडवून उभे असतात. जवळ गेलं तर फिस्कारतात. पायवाटेवर त्यांच्या विष्ठेचा असा सडा पडलेला असतो की खाली बघूनच चालावं लागतं. हा पक्षी म्हणजे कॅनडा गूज. वजन चार-पाच किलो. आपण त्याला सोयीसाठी हंसच म्हणू.

आपल्याकडे रानपक्ष्यांची शिकार कायद्यानं बंद आहे. अमेरिकेत मात्र हंसाची शिकार परवान्यानं, ठरलेल्या तारखांना करता येते. तिचा मुख्य हंगाम पानगळीच्या आणि थंडीच्या दिवसांतला. तरीही बऱ्याच राज्यांत सप्टेंबर उजाडताच, अंगातून घामाच्या धारा लागत असताना, एक वेगळा छोटा हंगाम उघडतो. तो कशासाठी?

याचं कारण असं की एकाच रूपाचे हंस तिथे दोन प्रकारचे आहेत. एक प्रवासी. ते उन्हाळ्यात कॅनडाच्या उत्तर टोकाकडे पिल्लं वाढवतात आणि थंडीच्या तोंडावर दक्षिणेला येतात. दुसरे मुक्कामी. त्यांची घरटी अमेरिकेतच आणि बहुतेकांचा वर्षभराचा मुक्कामही तिथेच.

हे मुक्कामी हंस माणसानंच वसवले. पूर्वी शिकारी पाळीव हंस पाण्यात बांधून ठेवत आणि त्यांच्या आवाजाला भुलून रानातले थवे खाली उतरत. १९३५ मध्ये या प्रथेवर बंदी आली आणि असे कितीतरी पाळीव पक्षी मोकळे सुटले. पुढची गोष्ट आणखी गंमतीची. या हंसाची सर्वांत थोराड जात नामशेष झाली, असं पक्षितज्ज्ञ धरून चालले होते. १९६२ साली हॅरल्ड हॅन्सन या शास्त्रज्ञाला ती मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावच्या तळ्यावर जिवंत सापडली! मग राज्याराज्यांच्या वन्यजीव खात्यांनी हे हंस हौसेनं वाढवले आणि ठिकठिकाणी सोडले. हंसाची पिल्लं प्रवासाची वाट आईबापांच्या मागे उडत शिकतात. या पिल्लांना वाट दाखवणारं कोणी नव्हतं. शिवाय समोर कापलेली हिरवळ, तळी आणि शत्रूंचा अभाव. जायचं तरी कशाला?

खरी अडचण पुढेच आहे. १९८८ मध्ये उत्तर क्वेबेकमध्ये घरटी करणाऱ्या प्रवासी हंसांच्या सुमारे १ लाख १८ हजार जोड्या होत्या. १९९५ मध्ये त्या जेमतेम २९ हजारांवर आल्या. पण अटलांटिक किनाऱ्यावरच्या माणसाला हे दिसणार कसं? त्याच्या डोळ्यांसमोर तर हंसच हंस होते. मुक्कामी पक्ष्यांची गर्दी वाढत असताना त्यांच्याआड प्रवासी पक्षी आटत चालले होते. अखेर १९९५ मध्ये प्रवासी हंसांची शिकार थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू झाली १९९९ मध्ये. सप्टेंबरचा हंगाम मात्र मुक्कामी पक्ष्यांसाठी चालू राहिला.

उडणाऱ्या थव्यातला प्रवासी कोणता आणि मुक्कामी कोणता, हे बंदूक रोखलेल्या माणसाला सांगता येत नाही. म्हणून ही निवड पंचांगावर सोपवलेली आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या वतीनं ब्रिटन यांच्यात १९१६ मध्ये झालेल्या करारानं १० मार्च ते १ सप्टेंबर हा काळ शिकारीला बंद ठेवला. उत्तरेचे थवे पोहोचतात त्यानंतर काही आठवड्यांनी. मधल्या फटीत जे हंस दिसतात, ते बहुतेक मुक्कामीच असतात. म्हणून हा हंगाम कुठे १५ सप्टेंबरला मिटतो, कुठे २५ला, कुठे महिनाअखेर.

हा हिशेब पडताळण्याची सोयही आहे. जून-जुलैत हंस पिसं गाळतात आणि महिनाभर त्यांना उडता येत नाही. तेव्हा त्यांना हाकून जाळीत घेतात आणि पायात क्रमांकाचं कडं घालून सोडतात. पुढे शिकाऱ्यानं तो क्रमांक कळवला की पक्षी कुठला होता, ते समजतं.

या दिवसांतल्या शिकारीची रीतही वेगळी. थंडीतल्यासारखे मोठे थवे नसतात. आईबाप आणि त्या वर्षीची पिल्लं, अशी कुटुंबं रात्री तळ्यावर थांबतात आणि पहाटे कापणी झालेल्या शेतात दाणे टिपायला येतात. शिकारी आदल्या संध्याकाळी शेत हेरतो आणि शेतकऱ्याची परवानगी घेतो. उजाडण्यापूर्वी तो धसकटांत लपण करतो आणि थोडेच नकली हंस कुटुंबासारखे घोळक्यांनी मांडतो. हंस वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, म्हणून बसायची जागा वाऱ्यावर ठरते. १९९१ पासून शिशाच्या छऱ्यांना देशभर बंदी आहे. पक्षी पडला की लगेच साफ करून बर्फात ठेवायचा, नाहीतर त्या उष्म्यात मांस वाया जातं.

२००६ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना या हंगामापुरती आणखी ढील दिली. आवाजाचं विद्युत यंत्र वापरता येतं, एरवीची तीन काडतुसांची मर्यादा उठवता येते आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार करता येते. प्रवासी पक्षी येण्याच्या काळात मात्र या सवलती नाहीत.

एवढं करून प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. सगळ्यात जास्त त्रास होतो तो बागांत, गोल्फच्या मैदानांत आणि शाळांच्या पटांगणांत. तिथे बंदूक चालवता येत नाही. मग घरट्यातल्या अंड्यांना तेल चोपडून ती उबू न देणं, यासारखे उपाय करावे लागतात. मुक्कामी पक्षी कमी केले म्हणून सगळं निभावतं असंही नाही. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाच्या इंजिनांत हंस शिरले आणि ते हडसन नदीत उतरवावं लागलं. सुदैवानं १५५ जण वाचले. इंजिनांत सापडलेल्या पिसांची स्मिथसोनियन संस्थेनं तपासणी केली, तेव्हा ते हंस उत्तरेकडचे प्रवासी निघाले.

संपलेला समजून जपलेला पक्षी वाढून डोईजड झाला, आणि त्याच रूपाचा दुसरा त्याच्या गर्दीत हरवू लागला. या दोघांना वेगळं ठेवणारी भिंत म्हणजे सप्टेंबरचे ते मोजके दिवस. उत्तरेकडचा पहिला थवा आकाशात दिसण्याआधी बंदूक खाली ठेवणं, हा त्या हंगामाचा अर्धा अर्थ आहे.