शिसे मोजण्याआधीची काळजी

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको, असे आयएस १०५०० हे भारतीय मानक सांगते. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये दशांश ग्रॅम शिसे गेले की ही मर्यादा गाठली जाते. इतका सूक्ष्म धातू मोजताना मोठ्या चुका होतात त्या महागडे यंत्र सुरू होण्याआधीच.

नाशिकला पावसाळ्यात गोदावरी गढूळ असते आणि बेसॉल्टपासून झालेल्या गाळात लोह, मँगनीज, तांबे, क्रोमियम मुळातच असते. अशा पाण्यात थेट नायट्रिक आम्ल घातले, तर गाळातले धातू सुटतात आणि अहवालात ‘विरघळलेले’ म्हणून मोजले जातात. म्हणून विरघळलेला धातू हवा असेल तर पाणी ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून आधी गाळायचे, मग आम्ल घालून सामू (पीएच) २ च्या खाली आणायचा. आम्ल टाळूनही चालत नाही. आम्लाशिवाय शिसे बाटलीच्या भिंतीला चिकटते आणि आकडा कमी येतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या प्लेटिंग कारखान्यांमुळे जे तपासावे लागते, त्या हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची बाटली मात्र निराळी ठेवावी लागते. आम्लात त्याचे रूप बदलून ते कमी विषारी होऊ शकते, म्हणून तो नमुना अल्कधर्मी करून थंड ठेवतात.

प्रयोगशाळाही नमुना बिघडवते. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन अमेरिकेत अशनीतल्या शिशावरून पृथ्वीचे वय काढत होते, तेव्हा धूळ, भांडी, रसायने, सगळीकडून शिसे नमुन्यात शिरत होते. खोली आणि आम्ले शुद्ध करण्यात वर्षे गेली, ४.५५ अब्ज वर्षे हा आकडा १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. आजही बाटल्या आम्लात भिजवून धुतात आणि पावडर नसलेले हातमोजे घालतात. शुद्ध पाण्याची एक बाटली नदीच्या घाटापर्यंत नेऊन, उघडून, बाकीच्या नमुन्यांसारखीच तपासतात. या कोऱ्या नमुन्यात शिसे निघाले तर ते कुठून आले हे शोधायला हवे; नुसते वजा करून मोकळे होणे ही पळवाट आहे.

यंत्राचीही फसगत होते. धातू मोजणारे आयसीपी-एमएस हे यंत्र वस्तुमानावरून धातू ओळखते. आर्सेनिकचे वस्तुमान ७५. यंत्रातला आर्गॉन (४०) आणि पाण्यातले क्लोरीन (३५) जुळले तरी ७५च. त्यामुळे खारट सांडपाण्यात नसलेले आर्सेनिक दिसते. हेलियम भरलेली कोलिजन सेल या जोडीला बऱ्याच अंशी अडवते.

नमुन्यात ठरावीक शिसे मुद्दाम मिसळून ते किती परत मिळते हे पाहणे, ही सगळ्यांत स्वस्त तपासणी. शिवाय ज्यातले प्रमाण आधीच प्रमाणित आहे असे संदर्भद्रव्य मोजतात. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाने अशी द्रव्ये प्रमाणित करते.

अहवाल वाचताना शोधमर्यादा आधी पाहावी. कोऱ्या नमुन्याच्या वाचनांतल्या प्रमाण विचलनाच्या साधारण तिप्पट ती धरतात. कॅडमियमची मर्यादा लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅम आहे. ज्या पद्धतीला ०.०१ च्या खालचे दिसतच नाही, तिच्या ‘आढळले नाही’ या शेऱ्यावरून पाणी पिण्यायोग्य ठरवता येत नाही.