दुसऱ्याचे म्हणणे, आपले वाक्य

अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात संशोधनाला बसलेल्या विद्यार्थ्याला पहिली धास्ती सिमिलॅरिटी रिपोर्टची, म्हणजे प्रबंध इतरांच्या लेखनाशी किती जुळतो हे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालाची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्रबंधातले साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. ते 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, 40 ते 60 टक्के असेल तर वर्षभर तो देता येत नाही आणि 60 च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. म्हणून बरेच जण आकडा खाली आणायला शब्द बदलत बसतात. खरी गफलत तिथेच होते.

उदाहरणासाठी एक वाक्य रचू: ‘पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारट असल्यामुळे विहिरींवरील सिंचन मर्यादित राहते; परिणामी शेतकरी प्रामुख्याने पावसावर अवलंबून असतो.’

आता नेहमीचे पॅराफ्रेज पाहा: ‘पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी क्षारयुक्त असल्याने विहिरींवरील ओलित सीमित राहते, त्यामुळे शेतकरी मुख्यतः पर्जन्यावर विसंबून असतो.’ शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा राहिला. सॉफ्टवेअरने सोडले तरी जाणकार परीक्षक हे सोडणार नाही, आणि सोडूही नये.

नीट पद्धत अशी. उतारा दोनदा वाचा, पुस्तक मिटा आणि शेजारच्या मित्राला समजावून सांगावे तसे लेखकाचे म्हणणे कागदावर उतरवा. ते आपल्या मुद्द्याला जिथे लागते तिथून सुरुवात करा. तुमचे प्रकरण कोरडवाहू शेतीवर असेल तर वाक्य असे होईल: ‘खारपाणपट्ट्यात पावसाच्या भरवशावर शेती करावी लागते, याचे एक कारण अमुक लेखक (2015) भूजलाच्या खारटपणात पाहतात: विहीर असली तरी तिच्या पाण्यावर फारसे ओलित होत नाही.’

आता पुस्तक उघडा आणि ताडून पाहा. मुळात ‘मर्यादित’ आहे. तुम्ही ‘ओलित होतच नाही’ लिहिले असते तर लेखकाच्या तोंडी नसलेले विधान घातले असते. आपल्या वाक्यातले ‘एक कारण’ हे शब्दही तपासायला हवेत. लेखक दुसरी कारणे मांडत नसेल तर तेही काढा. मला हा टप्पा सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि घाईत नेमका तोच गळतो. ‘खारपाणपट्टा’, ‘भूजल’ हे विषयाचे ठरलेले शब्द आहेत, ते बदलू नका. मात्र लेखकाची खास शब्दकळा जशीच्या तशी घ्यायची असेल तर ती अवतरणचिन्हांत टाका.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांना आणखी एक सांगायला हवे. इंग्रजी उताऱ्याचा मराठी अनुवाद सॉफ्टवेअरच्या नजरेतून निसटू शकतो, पण संदर्भ न देता तो घातला तर तीही उचलेगिरीच. विचार दुसऱ्याचा असेल तर वाक्य पूर्ण तुमचे असले तरी नाव द्यावेच लागते.

म्हणून टिपण काढतानाच लेखक, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक टिपून ठेवा, आणि मूळ शब्द कोणते व आपले कोणते हे वेगळ्या शाईने दाखवा. प्रबंध बांधायला टाकायच्या आठवड्यात हे शोधत बसायला वेळ मिळत नाही.