काश्मीरचें ‘धज्जी-दिवारी’ घर

श्रीनगरांत झेलम नदीच्या कांठीं जुनीं तीन-तीन मजली घरें आहेत. कित्येकांच्या भिंती अवघ्या एका विटेच्या जाडीच्या. लांकडी चौकटी उघड्या, कोठें किंचित् कललेल्या. पहिल्याच धक्क्यास हीं घरें कोसळतील, असें नवख्यास वाटतें. अनुभव मात्र उलट आहे. १८८५ सालीं काश्मीरांत मोठा भूकंप झाला. तेथें राहणारे डॉक्टर आर्थर नीव्ह यांनीं त्याविषयीं लिहून ठेविलें आहे कीं, राजवाड्याचा भाग व इतर कांहीं भक्कम इमारती ढासळल्या. परंतु साधीं घरें आश्चर्य वाटावें इतकीं थोडीं पडलीं.

या बांधणीस ‘धज्जी-दिवारी’ म्हणतात. धज्जी म्हणजे कापडाचा तुकडा व दिवार म्हणजे भिंत. आपल्या गोधडीसारखीच ही ठिगळांची भिंत होय. प्रथम लांकडी खांब व आडव्या तुळ्या यांची चौकट उभी करितात. तींत तिरपे टेकू बसवून लहान लहान कप्पे पाडितात, आणि ते दगड-विटांनीं व चिखलानें भरून काढितात.

ही भिंत कां टिकते? पहिलें कारण तिचें हलकेपण. भूकंपांत जमीन एकाएकीं बाजूस सरकते. घर जितकें जड, तितका त्यावर पडणारा जोर अधिक. दुसरें कारण कप्प्यांचें. अखंड भिंतीस पडलेली भेग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धांवते. येथें ती कप्प्याच्या लांकडाशीं थांबते. तिसरें कारण मातीच्या कच्च्या सांध्याचें. हादरे बसतांच कप्प्यांतील दगड एकमेकांवर घासतात व त्या घर्षणांत धक्क्याची शक्ति खर्ची पडते. गिलावा गळतो, चार दगड निसटतात, पण चौकट उभी राहते आणि आंतील माणसें वांचतात.

जडपणाची किंमत महाराष्ट्रासही ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत दगड-मातीच्या जाड भिंती व त्यांवरील माळवदें निजलेल्या कुटुंबांवर कोसळलीं. सुमारें ८,००० माणसें दगावलीं. पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून रक्षण करणारी तीच भिंत त्या रात्रीं काळ ठरली.

८ ऑक्टोबर २००५ रोजीं मुझफराबादेजवळ ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ७०,००० हून अधिक लोक मृत्युमुखीं पडले. चिखलांत रचलेलीं दगडी घरें तर पडलींच. पण निष्काळजीपणें बांधलेल्या काँक्रीटच्या इमारती व शाळाही जमीनदोस्त झाल्या. धज्जीचीं घरें तगलेलीं पाहून डोंगरांतील लोकांनीं ढिगाऱ्यांतलेंच लांकूड व दगड घेऊन पुन्हा तशींच घरें उभारावयास आरंभ केला. सरकारी अनुदानाच्या मान्य नमुन्यांत ही बांधणी प्रथम नव्हती. पुढें पाकिस्तान सरकारनें तिलाही मान्यता दिली आणि अशीं एक लाखाहून अधिक घरें उभीं राहिलीं. जुन्या विद्येस नव्या काळानें दिलेली ही पावतीच म्हणावयाची.

याचा अर्थ काँक्रीट वाईट, असा नव्हे. योग्य सळया, नीट वळविलेल्या कड्या, स्वच्छ वाळू व पुरेसें पाणी मिळालें तर तें उत्तमच. परंतु उंच पहाडांत हें सारें नेणें व त्यावर जाणत्या माणसाची देखरेख ठेवणें कठिण असतें. शिवाय काँक्रीटमधील चूक एकदां आंत गाडली गेली कीं दिसत नाहीं. धज्जीचा प्रत्येक सांधा मात्र कप्पे भरण्यापूर्वीं घरधन्यास स्वतः पाहतां येतो.

जुनें तें सर्व निर्दोष, असेंही समजूं नये. खांबाचा पाया ओलीपासून दूर, दगडी जोत्यावर हवा. चौकट त्या जोत्याशीं पक्की बांधलेली हवी. कुजलेलें लांकूड वेळींच बदललें पाहिजे. छपरावर मातीचे थर न चढवितां हलका पत्रा घालणें बरें.

आज काश्मीरांत अनेक कुटुंबें जुनें घर पाडून सिमेंटचें बांधतात; पक्कें घर ही प्रतिष्ठेची खूण झाली आहे. पण घर पक्कें कीं कच्चें, हें भिंतीच्या जाडीवरून ठरत नाहीं. जमीन हललीच, तर आंतील मुलेंबाळें सुखरूप बाहेर येतील काय, हा एकच प्रश्न पहिली कुदळ मारण्यापूर्वीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं गवंड्यास व सुतारास विचारावयास हवा.